नफा वहीत, पैसा उधारीत
व्यवसायाच्या हिशेबाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भोसरीत माझं सीएनसी जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, मालकी स्वरूपाचं. सीएंनी या वर्षीचा नफा १४ लाख २० हजार काढलाय. इकडे सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचं फिरतं कर्ज) खातं लिमिटला टेकलंय, पगाराच्या आठवड्यात फोनाफोनी सुरू होते. मग हा नफा गेला कुठे? दोन वर्षांचे ताळेबंद सोबत पाठवतोय.
– एक उद्योजक, भोसरी

उत्तर : नफा-तोटा पत्रक बिलाच्या तारखेला बोलते, बँक खाते पैसे जमा झाल्याच्या तारखेला. या दोन तारखांमधले अंतर तुमच्याकडे वर्षभरात वाढले आहे. शिवाय मशीनची खरेदी, हप्त्यांतले मुद्दल आणि घरखर्च या तीन मोठ्या गोष्टी नफा-तोटा पत्रकात दिसतच नाहीत. तुमचेच आकडे, सोयीसाठी हजारात गोळा करून, एकाखाली एक लिहू.

निव्वळ नफा : १४,२०,०००
त्यात घसारा मिळवा (खर्च लिहिला, पण पैसे बाहेर गेले नाहीत) : ५,१०,०००
उधारी १८,५०,००० वरून २९,००,००० झाली, वजा : १०,५०,०००
कच्चा माल आणि टूलिंग ६,२०,००० वरून ९,००,०००, वजा : २,८०,०००
पुरवठादारांचे देणे ७,००,००० वरून ८,१०,०००, अधिक : १,१०,०००
धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेली रोकड : ७,१०,०००

इथेच वर्षभरात वाढलेले १३,३०,०००, म्हणजे जवळजवळ नफ्याएवढी रक्कम, उधारीत आणि रॅकवर अडकलेली दिसते. आता पुढचे. सेकंडहँड मशीन १२,००,००० ला घेतले. त्यासाठी मुदत कर्ज मिळाले ९,००,०००. मुदत कर्जांच्या मुद्दलाची परतफेड ४,८०,०००. घरखर्चासाठी उचल ६,००,०००. प्राप्तिकर सुमारे १,००,०००. सगळ्याची बेरीज-वजाबाकी केली की वर्षअखेर ७,७०,००० कमी पडतात. तुमचे सीसी खाते ७,३०,००० वरून बरोबर १५,००,००० वर गेले आहे. हिशेब जुळला. (व्याज आधीच नफ्यातून वजा झालेले आहे, म्हणून ते इथे पुन्हा धरलेले नाही.)

उधारी किती दिवसांची आहे ते काढा. इथे बरेच जण एक चूक करतात : येणे रकमेत जीएसटी असतो आणि भागतात मात्र जीएसटीविना विक्रीने. दोन्ही बाजूंना जीएसटीसह आकडे घ्या. तुमची जीएसटीसह विक्री मागच्या वर्षी १ कोटी ५ लाख, यंदा १ कोटी २० लाख. म्हणजे उधारी ६४ दिवसांवरून ८८ दिवसांवर गेली. विक्रीचा एक दिवस म्हणजे तुमच्याकडे सुमारे ३३ हजार रुपये. वाढलेले २४ दिवस गुणिले ३३ हजार म्हणजे ७ लाख ९० हजारांच्या आसपास, जवळजवळ तेवढेच जेवढे सीसी वाढले. आणि या २९ लाखांत १८ टक्क्यांनी सुमारे ४ लाख ४२ हजार जीएसटीचे आहेत. ते पार्टीकडून आलेले नाहीत, पण काही रोखीने, काही क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीतून), तुम्ही ते भरून बसला आहात.

करायचे काय? टॅलीतून पार्टीनिहाय उधारीची यादी ०–३०, ३१–६०, ६१–९० आणि ९० दिवसांवरील अशा चार रकान्यांत काढा. जॉबवर्कमध्ये उशीर बहुतेक वेळा दोन जागी होतो. पहिली जागा तुमचे स्वतःचे ऑफिस : माल डिलिव्हरी चलनावर रोज जातो, बिल मात्र महिनाअखेरीस एकत्र निघते. सरासरी १५ दिवस तिथेच गेले. आठवड्याला बिल काढा. दुसरी जागा रिजेक्शन. चार हजारांचे रिजेक्शन वादात असते आणि त्यापायी पार्टीचे अकाउंट्स खाते पावणेदोन लाखांचे अख्खे बिल थांबवून ठेवते. तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट त्याच महिन्यात द्या, वाद नंतर घाला. बाकीचे बिल सुटू द्या.

आता कान धरायची गोष्ट. मशीनचे स्वतःचे म्हणून भरलेले ३ लाख तुम्ही सीसीतून दिले आहेत. सीसी हा फिरता पैसा आहे. माल विकला, बिल वसूल झाले की तो खात्यात परत येतो, असे बँक गृहीत धरते. मशीनमध्ये गेलेले ३ लाख सहा-सात वर्षे परत येत नाहीत, तेवढी लिमिट कायमची गोठते. बँकेशी बोलून ही रक्कम दोन-तीन वर्षांच्या खेळत्या भांडवलाच्या मुदत कर्जात बदलून घ्या. हप्ता वाढेल, पण पगाराच्या आठवड्यात लिमिट मोकळी असेल.

प्रश्न : आमचे यंत्रमाग आहेत. जुने माग काढून रेपियर लूम बसवले. फाउंडेशन, क्रेनभाडे, वायरिंग, महावितरणची वाढीव अनामत, कामगारांचं ट्रेनिंग, उद्घाटन यातलं काय मशीनच्या खात्याला जातं आणि काय खर्चाला? घसारा पूर्ण वर्षाचा मिळेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कसोटी एकच. लूम जागेवर बसून कापड विणायला तयार होईपर्यंत, त्या लूमसाठी अटळपणे झालेला खर्च हा लूमचाच भाग. किंमत, वाहतूक, वाटेतला विमा, उतरवून घ्यायची क्रेन, फाउंडेशन, बसवणाऱ्या फिटरची मजुरी, पॅनेलपासून लूमपर्यंतची वायरिंग, लूम वापरात येईपर्यंतचे कर्जाचे व्याज आणि ट्रायलचे सूत हे सगळे स्थिर मालमत्तेत. ट्रायलचे कापड विकले असेल तर ती रक्कम त्यातून वजा. ट्रेनिंग, उद्घाटन, पेढे, ऑफिसचा एरवीचा खर्च हे नफा-तोट्यात. महावितरणची अनामत या दोन्हींत नाही. ती परत मिळण्याजोगी ठेव आहे, ताळेबंदात वेगळी दाखवा. तिच्यावर घसारा नाही, पण रोकड मात्र आजच गेली. प्रकल्प अहवालात हीच रक्कम हमखास विसरली जाते.

क्रेनवाल्याला आणि फाउंडेशनच्या ठेकेदाराला रोख दिले असेल तर सांभाळा. मालमत्तेसाठी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम प्राप्तिकराच्या दृष्टीने मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही. म्हणजे त्यावर कधीच घसारा मिळत नाही. सरकारी भांडवली अनुदान मिळाले तर तेही किमतीतून वजा होते.

जीएसटीचे क्रेडिट घेणार असाल तर तो जीएसटी किमतीत मिळवायचा नाही. दोन्ही केले, म्हणजे क्रेडिटही घेतले आणि त्याच रकमेवर घसाराही लावला, तर क्रेडिट नाकारले जाते. रोकडीच्या दृष्टीने यात खरी अडचण वेगळी आहे. जीएसटी यंत्रविक्रेत्याला डिलिव्हरीच्या वेळी मोजावा लागतो आणि तो परत मिळतो तुमच्या विक्रीवरच्या जीएसटीतून, महिन्यामहिन्याने. विक्रीचा दर कमी असेल तर वर्ष-दीड वर्ष तो क्रेडिट खात्यात पडून राहतो. उलट्या करदराचा (खरेदीवरचा दर विक्रीवरच्या दरापेक्षा जास्त असतो तेव्हाचा) परतावा मागताना यंत्रांवरचा जीएसटी त्यात धरत नाहीत, म्हणून त्या वाटेनेही पैसे येत नाहीत. बँका बहुधा जीएसटीविना किमतीवर कर्ज बसवतात. तेव्हा लूमच्या जीएसटीचे पैसे कुठून येणार ते ऑर्डर देण्यापूर्वी ठरवा, नाहीतर तेही सीसीतूनच जातील.

घसारा वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. लीप वर्ष नसेल तर ३ ऑक्टोबरपर्यंत लूम वापरात यायला हवेत. १८ लाखांच्या लूमवर १५ टक्क्यांनी पूर्ण घसारा २,७०,०००. ४ ऑक्टोबरला सुरू केलात तर १,३५,०००. उरलेला बुडत नाही, पुढच्या वर्षांच्या शिल्लक किमतीवर मिळत राहतो. खरेदीची तारीख इथे कामाची नाही, वापरात आल्याची आहे. त्यामुळे इन्स्टॉलेशन रिपोर्ट, पहिल्या बीमची नोंद आणि त्या महिन्याचे वीजबिल फाइलला लावून ठेवा.

प्रश्न : जुनं मशीन २ लाखांना विकलं. वहीत त्याची किंमत जवळजवळ शून्य आहे. हे २ लाख उत्पन्न धरायचं का?
– एक वाचक, चिखली

उत्तर : तुमच्या वहीत प्रत्येक मशीनचे खाते वेगळे असेल तर तिथे विक्रीचा नफा दिसेल. प्राप्तिकरात मात्र एकाच दराची सगळी यंत्रे मिळून एक गट असतो. विक्रीची रक्कम त्या गटातून वजा होते आणि गटात इतर यंत्रे व शिल्लक किंमत असेल तर त्या वर्षी वेगळा कर लागत नाही, पुढचा घसारा तेवढा कमी होतो. रोख प्रवाहात हे २ लाख धंद्याच्या कमाईत मिसळू नका, मालमत्तेच्या खरेदी-विक्रीत दाखवा. जीएसटीत, मशीनवर घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीस ५ टक्के कमी करून उरलेली रक्कम किंवा विक्रीवरचा कर, यातले जे जास्त ते भरावे लागते.

प्रश्न : माझं ऑफसेट प्रिंटिंग आहे. घसारा म्हणजे मशीन बदलण्यासाठी बाजूला पडलेले पैसे, असं ऐकलंय. पण दरवर्षी घसारा लिहूनही खात्यात काही साठत नाही. उलट मशीनच्या शेवटच्या दोन वर्षांत हप्ता आणि प्राप्तिकर दोन्ही अंगावर येतात. असं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घसारा ही फक्त नोंद आहे. ती लिहिल्याने एक रुपयाही कुठे बाजूला पडत नाही. तिचा रोकडीवर होणारा एकमेव परिणाम म्हणजे वाचलेला कर : ३ लाख घसारा आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या स्तरात असाल तर उपकरासह ९३,६०० रुपये. मशीन बदलायचे पैसे साठवायचे असतील तर दरमहा आवर्ती ठेव काढा, त्याला दुसरा उपाय नाही.

शेवटच्या वर्षांतली चणचण मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती जवळपास प्रत्येक कर्जावरच्या मशीनला येते. समजा मशीन २० लाखांचे, त्यावर कर्ज १५ लाख, ५ वर्षे, १० टक्के व्याज. हप्ता सुमारे ३१,९०० येतो. घसारा शिल्लक किमतीवर १५ टक्के : पहिल्या वर्षी ३,००,०००, मग २,५५,०००, २,१६,७५०, १,८४,००० च्या आसपास आणि पाचव्या वर्षी सुमारे १,५७,०००. आता हप्त्यातले मुद्दल पाहा. समान हप्त्यात सुरुवातीला व्याज जास्त असते, म्हणून पहिल्या वर्षी मुद्दल फिटते सुमारे २,४३,०००. पाचव्या वर्षी सुमारे ३,६३,०००. व्याज खर्चात जाते, मुद्दल जात नाही.

म्हणजे पहिल्या वर्षी घसारा मुद्दलापेक्षा ५७ हजारांनी जास्त, सगळे आलबेल वाटते. पाचव्या वर्षी मुद्दल घसाऱ्यापेक्षा २ लाखांहून जास्त. जे पैसे तुम्ही बँकेला देऊन टाकलेत, त्यातल्या २ लाखांवर तुम्ही करही भरता. पाच वर्षांचा एकूण घसारा ११ लाख १३ हजार, फेडलेले मुद्दल १५ लाख. मधले पावणेचार-चार लाख कर भरून उरलेल्या नफ्यातूनच यावे लागतात.

यावर उतारा सुरुवातीलाच आहे. पहिले वर्ष चांगले जाते तेव्हा आगाऊ मुद्दल भरा, निदान त्या ५७ हजारांएवढे बाजूला ठेवा. किंवा मुदत ५ ऐवजी ७ वर्षे मागा. व्याज थोडे जास्त जाईल. मशीनचे आयुष्य त्याहून मोठे असेल तर त्यात गैर काही नाही. बँक तुमच्या अहवालात नफा, घसारा आणि व्याज यांच्या बेरजेला हप्त्यातील मुद्दल व व्याज यांच्या बेरजेने भागून पाहते आणि सरासरी दीडपटीच्या आसपास उत्तर मागते. सरासरीवर समाधान मानू नका. पाचव्या वर्षाचा आकडा सुटा काढून पाहा आणि त्यात घरखर्च व कर वजा करून पुन्हा पाहा. मालकी व भागीदारी धंद्यांच्या अहवालात हे दोन्ही बहुतेक वेळा धरलेले नसतात.

तुमची खासगी कंपनी असेल तर एक जादा गोष्ट : कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे घसारा आयुर्मानावर लिहायचा असतो. साधारण यंत्रे १५ वर्षे, संगणक ३ वर्षे, भंगारकिंमत जास्तीत जास्त ५ टक्के. प्राप्तिकरासाठी यंत्रांना १५ आणि संगणकांना ४० टक्के. दोन हिशेब वेगळे येतात, घाबरायचे कारण नाही.

प्रश्न : बेदाण्याचा व्यापार आहे, माल कोल्ड स्टोरेजला असतो. बँक करंट रेशो १.३३ मागते, माझा ३१ मार्चला १.३५ आहे. सीसी लिमिट ४० लाख, वापरलेले ३६ लाख. तरी २ लाखांचा चेक परत गेला. बँक म्हणते डीपी नाही. लिमिट शिल्लक असताना असं कसं?
– एक व्यापारी, तासगाव

उत्तर : लिमिट ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात उचलता येते ती डीपी, म्हणजे दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघणारी रक्कम. तुमच्या आकड्यांवरून ती अशी निघते.

माल ६२ लाख. त्यातून ज्यांचे पैसे अजून दिलेले नाहीत ते पुरवठादार २४ लाख वजा, कारण पैसे न दिलेल्या मालावर बँक कर्ज देत नाही. उरले ३८ लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे २८ लाख ५० हजार. येणे २१ लाख. त्यातले ८ लाख ९० दिवसांपेक्षा जुने, ते बाद. उरलेल्या १३ लाखांवर ४० टक्के मार्जिन, म्हणजे ७ लाख ८० हजार. डीपी झाली ३६ लाख ३० हजार. तुम्ही ३६ लाख वापरले आहेत, मोकळे फक्त ३० हजार. २ लाखांचा चेक जाणार कसा? मार्जिनचे टक्के आणि किती दिवसांपर्यंतची उधारी चालते हे तुमच्या मंजुरीपत्रात लिहिलेले असते. तो कागद काढून एकदा स्वतः हिशेब करा.

आता रेशो. चालू मालमत्ता ८४ लाख (माल ६२, येणे २१, रोख १), चालू देणी ६२ लाख (सीसी ३६, पुरवठादार २४, इतर २). भागाकार १.३५. १.३३ चा आग्रह १९७५ च्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून आलेला आहे : चालू मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा दीर्घ मुदतीच्या पैशातून यावा. तो निकष तुम्ही पार करता. पण माल बाजूला ठेवून भागलेत तर २२ भागिले ६२, म्हणजे ०.३५. उद्या सगळ्यांनी पैसे मागितले तर रुपयातले ३५ पैसे हाताशी आहेत, तेही जुने ८ लाख येतील असे धरून. तरलता बघायची ती या आकड्यात.

तुमच्या धंद्यात ३१ मार्च हा आणखी फसवा दिवस आहे. फेब्रुवारी ते एप्रिल नवा बेदाणा येतो, कोल्ड स्टोरेज भरलेले असते, त्यामुळे रेशो वर्षातला सर्वांत कमी बोलका असतो. दिवाळीची विक्री संपल्यावर, नोव्हेंबरअखेरचा ताळेबंद काढून तुलना करा. मागच्या हंगामातला माल राहिला असेल तर त्याची वेगळी यादी करा. रंग उतरला की भाव उतरतो. वहीतली खरेदीकिंमत आणि आजचा भाव यांतले जे कमी असेल तेच धरायचे. बँकेचा स्टॉक ऑडिटर आला की तेच करणार आहे, तुम्ही आधी केलेले बरे.

स्टॉक स्टेटमेंट वेळेवर द्या. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली डीपी अनियमित समजली जाते आणि तशी स्थिती ९० दिवस चालली तर चांगले चाललेले खातेही एनपीए (थकीत कर्ज) होते. लिमिट वाढवून मागायची असेल तर नायक समितीच्या पद्धतीने अंदाज करा : अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळते भांडवल, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के तुमचे. तुमचे ते ५ टक्के कागदावर नको, खात्यात असायला हवेत. ते गाळ्यात किंवा गाडीत घातले असतील तर आजच्यासारखाच प्रसंग पुन्हा येतो.

प्रश्न : माझी फाउंड्री आहे, उद्यम नोंदणी लघु उद्योगाची. मोठी कंपनी १२० दिवसांनी पैसे देते. ४५ दिवसांच्या कायद्याचा उपयोग होतो का?
– एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : होतो, पण जपून. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा. उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिनावार चक्रवाढ व्याज. करारात १२० दिवस लिहून घेतले असले तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असूनही मिळत नाही.

दुसरा चिमटा प्राप्तिकराचा, १९६१ च्या कायद्यातली ४३बी(एच) ही तरतूद, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे देणे मुदतीबाहेर गेले तर खरेदीदाराला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. उदाहरण : माल २० फेब्रुवारीला स्वीकारला, करार ४५ दिवसांचा, मुदत ६ एप्रिल. ३ एप्रिलला पैसे दिले तर खर्च जुन्याच वर्षात. २० एप्रिलला दिले तर तो पुढच्या वर्षात ढकलला जातो आणि मार्चच्या नफ्यावर कर पडतो. म्हणूनच मोठ्या कंपन्यांची अकाउंट्स खाती मार्चमध्ये अचानक तत्पर होतात. जुनी थकबाकी सोडवायला फेब्रुवारी हा उत्तम महिना : थकीत बिलांची यादी उद्यम प्रमाणपत्रासह ईमेलने पाठवा.

सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार केली की प्रकरण राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. हक्काचे आहे, पण चालू ग्राहकावर तक्रार केली की पुढची ऑर्डर अवघड होते, हेही खरे. त्याआधी ट्रेड्स (बिलांवर बँकांकडून आगाऊ पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था) वापरून पाहा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज किंवा इन्व्हॉइसमार्ट यांसारख्या मंचावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. तुम्ही बिल चढवता, कंपनी ते मान्य करते, बँका व्याजदराची बोली लावतात, एक-दोन दिवसांत पैसे तुमच्या खात्यात. पुढे कंपनीने बँकेचे बुडवले तरी बँक तुमच्याकडे परत मागू शकत नाही. गोम अशी की नोंदणी सक्तीची आहे, बिल मान्य करणे नाही. काही कंपन्या नोंदणी करून स्वस्थ बसतात. तेव्हा दर ठरवतानाच ‘बिले ट्रेड्सवर मान्य करणार’ ही अट घाला, आणि व्याजाचा भार तुमच्यावर येणार असेल तर तो दरात मिळवा.

प्रश्न : मालवणजवळ आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. जागा आणि इमारत मिळून दीड कोटीच्या घरात जाईल. तरी जुलै-ऑगस्टला पगार आणि हप्ता भरायला दागिने गहाण ठेवावे लागतात. रोख प्रवाहाचा अंदाज कसा मांडायचा, सोप्या भाषेत सांगाल का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : दीड कोटींची इमारत तुमची ऐपत दाखवते. ती जुलैचा पगार देत नाही, कारण तिचा कोपरा तोडून विकता येत नाही. हा तुटवडा दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो, म्हणून त्याची तरतूदही आधी होऊ शकते.

आधी पावसाळ्याचे भोक मोजा. समजा बंद हंगामातही न टळणारा खर्च महिन्याला असा आहे : पगार ४८,०००, हप्ता ३६,०००, वीज व इंटरनेट ९,०००, किरकोळ ७,०००. एकूण १ लाख. जून ते सप्टेंबर ४ लाख. त्या काळात तुरळक पाहुण्यांचे महिन्याला २५ हजार धरले तर १ लाख येतील. कमी ३ लाख. सप्टेंबरात कौले, रंग, पंप यांची दुरुस्ती १ लाख २० हजार. म्हणजे ३१ मेला खात्यात ४ लाख २० हजार असायला हवेत. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत सरासरी ५२,५०० बाजूला. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात जास्त, जानेवारीत कमी. स्वीप-इन ठेवीत (खात्याला जोडलेल्या, गरजेला आपोआप मोडणाऱ्या) ठेवा, चालू खात्यात राहिले तर खर्च होतात.

मग तेरा आठवड्यांचा तक्ता करा. वही चालेल, संगणक लागतोच असे नाही. आडव्या ओळीत आठवडे. सुरुवातीची शिल्लक म्हणजे बँकेतली शिल्लक वजा दिलेले पण न वटलेले चेक. खाली जमा, ज्या आठवड्यात पैसे खात्यात येतील त्या आठवड्यात. बुकिंगच्या तारखेला नाही. बुकिंग ॲप कमिशन कापून आणि पाहुणा राहून गेल्यावर पैसे देत असेल तर तेवढाच, तेव्हाच लिहा. मे महिन्यासाठी फेब्रुवारीत आलेला आगाऊ पैसा हे देणे आहे. पाहुणा येईपर्यंत तो दुरुस्तीला वापरला आणि बुकिंग रद्द झाले की परतावा स्वतःच्या खिशातून जातो. जीएसटी नोंदणी असेल तर सेवेच्या आगाऊ रकमेवरही कर त्याच वेळी देय होतो.

नंतर खर्च, तारखेसह. टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला, भविष्य निर्वाह निधी व ईएसआय लागू असेल तर १५ ला, जीएसटीचे मासिक विवरण २० ला, तिमाही असेल तर महाराष्ट्रात तिमाहीनंतरच्या २२ ला आणि मधल्या दोन महिन्यांचा भरणा पुढील महिन्याच्या २५ ला. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विमा, परवान्यांचे नूतनीकरण, दिवाळी बोनस, हेच तक्त्यातून सुटतात आणि हेच बुडवतात. मागच्या वर्षाचे पासबुक पहिल्या पानापासून चाळून ते शोधा.

दर सोमवारी संपलेला आठवडा खोडून प्रत्यक्ष आकडा लिहा आणि शेवटी एक नवा आठवडा जोडा. ज्या आठवड्याची अखेरची शिल्लक उणे दिसते तो आठ-दहा आठवडे आधीच कळतो, आणि तेव्हा बँकेत गेलात तर ओव्हरड्राफ्ट मिळतो; उणे झाल्यावर गेलात तर दागिनेच. कर्जाचे हप्तेही बदलून मागता येतात : पावसाळ्यात फक्त व्याज, हंगामात वाढीव हप्ता. पर्यटन व्यवसायाला ही सवलत मागणे वावगे नाही, मात्र ती मंजुरीच्या वेळी किंवा हप्ता थकण्यापूर्वी मागायची.

एक तारीख तक्त्यात वेगळ्या शाईने लिहा. आगाऊ कराचा पहिला १५ टक्के हप्ता १५ जूनला असतो, नेमका हंगाम संपल्यावर. दुसरा, एकूण ४५ टक्क्यांपर्यंतचा, १५ सप्टेंबरला, भर पावसात. अनुमानित उत्पन्नाच्या (उलाढालीचा ठरावीक टक्का उत्पन्न मानणाऱ्या) योजनेत असाल तर हे दोन्ही टळतात आणि सगळा आगाऊ कर एकदम १५ मार्चला येतो. नसाल, तर वरच्या ४ लाख २० हजारांत या दोन हप्त्यांची रक्कम आणखी मिळवा.